नव्या पेठेच्या शाळेस कौल मिळाला, त्याची हकीकत

श्रीगणराय प्रसन्न. जी अक्षरांत वसते आणि मुक्या मुखीं वाचा घालिते त्या माउली शारदेस दंडवत, आणि ज्यांणीं विटा वाहिल्या त्यांसही दंडवत. थोरले स्वामींचे राज्याभिषेकापासोन एकसष्टावें साल, आनंद नाम संवत्सर, ते समयीं राज्यांत जें वर्तमान वर्तलें तें वडिलांचे तोंडून ऐकिलें तैसें लिहिलें असे. अधिक उणें निघेल तें लिहिणाराचें, गोड लागेल तें करणारांचें.

त्या राज्याचे धनी देवलोकीं गेले आणि पुत्र लहान, म्हणोन बाईसाहेब गादीचा कारभार पाहात होत्या. बाईसाहेबांनीं नदीस बंधारा घालोन पाट काढिला, आणि पाटाचें पाणी माळरानीं फिरलें, आणि जेथें तरवड आणि सराटा यांवांचोन कांहीं उगवत नव्हतें तेथें जोंधळा आणि हळद डोलूं लागली. पाणी आलें तेथें माणूस आलें. दुष्काळी मुलखांतून साळी आले, पाथरवट आले, रंगारी आले. कोणी गाड्यांवर आले, कोणी पोरें खांद्यावर घेऊन पायीं आले. बाईसाहेबांनीं त्यांस अभय दिलें कीं, वेशीबाहेर नवी पेठ वसवावी, सात वर्षें कर माफ, मग चढता घ्यावा. मग पेठ वसली. आधीं झोपड्या जाहल्या, मग भिंती, मग ओटे, आणि मग त्या ओट्यांवर पोरेंच पोरें. जुन्या पेठेची शाळा मारुतीचे देवळाचे ओवरींत भरे, ती आपल्याच पोरांनीं कोंदलेली, तेथें नव्यांस जागा कैंची? फौज स्वारीवर गेली होती आणि सरकारी पागा रिकामी होती, म्हणोन बाबदेव पंतोजी म्हणोन एक मायाळू शिक्षक होते, त्यांणीं पागा झाडोन घेतली, शेणानें सारविली, आणि जेथें घोडे उभे राहात तेथें धूळपाटी मांडोन नव्या पेठेचीं पोरें बसविलीं. पोरें इतकीं कीं दोन पाळ्या कराव्या लागल्या.

विसाजी रंगनाथ म्हणोन इमारतखात्याचे कारभारी होते, अंगानें काटक, बोलण्यांत मोजके, परंतु पोरांचा लळा फार. त्यांणीं पागेचा प्रकार पाहिला, मग सुईणींस बोलावून पुसिलें कीं सालीं किती पाळणे बांधतां, आणि त्यावरोन अंदाज करोन हुजूर अर्ज केला कीं, "बाईसाहेब, आज दिसतात तितक्याच पोरांपुरती शाळा बांधिली तर भिंतीचा चुना वाळेतों ती अपुरी पडेल. वाढत्या पोराचें अंगरखें जैसें मापाहून सैल शिवितात तैशी शाळा बांधावी, आणि दोन्ही पेठांचे मध्यें टेकाड आहे त्यावर बांधावी, म्हणजे ओवरींतलीं पोरेंही मोकळा श्वास घेतील." बाईसाहेब प्रसन्न जाहल्या, परंतु बंधाऱ्यानें खजिना कोरडा पडला होता. नवी पट्टी बसविल्यावांचोन उपाय नाहीं. आणि कैलासवासी धन्यानें प्रजेस शब्द देऊन ठेविला होता कीं, जें घर कर भरितें त्या घरास पुसल्यावांचोन नवी पट्टी बसविणें नाहीं. पुसण्याची रीत ऐसी होती कीं, सभा भरवावी, चौकांत तांब्याचा हंडा ठेवावा, आणि घरटीं एक सुपारी टाकावी; होकार असेल तर अखंड, नकार असेल तर फोडलेली. यास कौल म्हणत. एक गोष्ट दोन वेळां सभेपुढें ठेवावी. दोन्ही वेळां नकार आला तर एक तपपर्यंत तिचें नांव काढूं नये. आणि नवी पेठ माफींत, म्हणोन तिच्या हातीं सुपारी नाहीं. ज्यांचीं पोरें पागेंत बसत त्यांस बोलावयास जागा नाहीं, आणि जे बोलणार त्यांचीं पोरें ओवरींत तरी बसलेलीं, ऐसा पेंच पडला.

जुन्या पेठेचे शेटे नागशेट म्हणोन होते. वय साठीचें, कापसाचा आणि गुळाचा व्यापार, शब्द ताजव्यांतून काढल्यासारिखा. पेठेंत भांडण जाहलें तर नागशेटांचे ओट्यावर मिटे, आणि नागशेटांणीं मान हालविली कीं पेठेची मान हाले. घरीं ते आणि त्यांच्या पत्नी लाडूबाई, दोघेंच. सभा भरली, विसाजीपंतांणीं इमारतीचा बेत सांगितला, पट्टी एकाच सालीं वसूल करावी लागेल तेंही सांगितलें, आणि आंकडा ऐकोन लोकांचे चेहरे उतरले. तेव्हां नागशेट उभे राहिले आणि बोलिले, "बाईसाहेबांचा शब्द शिरसावंद्य. परंतु नवी पेठ माफींत आणि आम्ही पट्टींत, हा कोठला न्याय? माफीचीं सात वर्षें सरतील आणि हे लोक पांखरांसारिखे उडोन जातील, आणि आम्ही रिकामी शाळा उराशीं धरोन बसूं. ज्याचे घरीं पाळणा हालतो त्यानें शाळेची काळजी वाहावी. माझे घरीं पाळणा नाहीं. मीं कां वाहावी?" ऐसें बोलतांच सभेंत टाळी पडली. हंडा उपडा केला तों फुटक्या खांडांचा ढीग पडला आणि अखंड सुपारी शोधावी लागली. दिवाण रागावोन हुजूर म्हणाले, "आज्ञा करावी, पट्टी बसवितों. पोरांचे हितापुढें सुपारी ती काय?" बाईसाहेब बोलिल्या, "सुपारी हा धन्याचा शब्द आहे. शब्द मोडोन शाळा बांधिली, तर त्या शाळेंत पोरांस शिकवावें काय?"

पुढें वैशाखमासीं फौज परत आली आणि घोडे आपले जाग्यावर आले. बाबदेव पंतोजींणीं पागेच्या अधिकाऱ्याचे हातापायां पडोन अर्धी पागा मागोन घेतली. मग एके बाजूस घोडे आणि एके बाजूस पोरें. पोरानें धूळपाटीवर ग काढावा, घोड्यानें फुर्र केलें कीं ग उडाला. एका तांबड्या घोडीस पंतोजींचे पागोट्याची गोडी लागली, ते पाठमोरे जाहले कीं ती त्याचें लोंबतें टोंक ओढोन चघळीत असे, आणि पोरें हंसत, आणि पंतोजीही हंसत. परंतु हंसण्याखालीं काळजी होती. जागा अर्धी राहिली म्हणोन दोहोंच्या तीन पाळ्या जाहल्या, आणि तिसरी पाळी, दिवस कलतांनाची, ती मुलींस आली. त्या वेळीं घरीं मागावर विणणाऱ्यांस सूत भरोन द्यावें लागे, चुली पेटवाव्या लागत. एक एक करोन मुली गळूं लागल्या. पंतोजी रिकाम्या जागा पाहात.

इकडे नागशेटांचे घरीं वेगळेंच वर्तमान जाहलें. सभा जाहली त्या दिवसापासोन लाडूबाई बोलेनाशा जाहल्या. वाढीत, पाणी देत, पानाचा विडा करोन ठेवीत, परंतु शब्द नाहीं. नागशेटांस वाटलें, गुडघे दुखतात म्हणोन त्रासली असेल. वैद्याचें तेल आणिलें. तें लाविलें, तरी शब्द नाहीं. शेवटीं एके दिवशीं दोनप्रहरीं जेवतां जेवतां नागशेटांणीं हात आंवरिला आणि म्हणाले, "काय चुकलें माझें तें सांग तरी." तेव्हां लाडूबाईंणीं भाताचें भांडें खालीं ठेविलें आणि म्हणाल्या, "भरल्या सभेंत म्हणालांत कीं माझे घरीं पाळणा नाहीं."

"मग? आहे काय?"

"होता. माळ्यावर बांधोन ठेविला आहे, तुम्हींच ठेविलात. चिमा तीन वर्षांची होऊन देवीच्या रोगानें गेली, तिला गांव विसरला, मी गांवास बोल लावीत नाहीं. परंतु तुम्हीं चौकांत उभें राहोन ती जाहलीच नाहीं ऐसें केलेंत."

ऐसें बोलोन लाडूबाईंचे डोळ्यांत पाणी आलें नाहीं, आणि तेंच नागशेटांस अधिक लागलें. पान तैसेंच टाकोन ते उठले, पायीं जोडे घातले आणि बाहेर पडले. ओट्यावर माणसें होतीं त्यांचा रामरामही घेतला नाहीं. कोठें जावयाचें तें ठाउकें नव्हतें. पाय नेतील तिकडे चालले, आणि पाय वेशीबाहेर गेले, आणि जी पेठ त्यांणीं पांखरांची म्हणोन सभेंत मोडीत काढिली तींत प्रथमच शिरले. पाहातात तों गल्ल्या झाडलेल्या, मागांचा खटखटाट चाललेला, निळीनें रंगविलेले धोतरजोडे दोरीवर वाळत घातलेले. दारोदारीं शेवगा लाविलेला, आणि दारांत मोठालीं जातीं. नागशेट व्यापारी मनुष्य, बैलावरला बोजा नजरेनें ओळखणार. मनांत म्हणाले, जो उडोन जाणार तो जात्यासारिखा धोंडा शंभर कोसांवरोन आणील कशास? एका ओट्यावर एक म्हातारी रहाटावर सुताच्या कांड्या भरीत बसली होती, चांगुणा नांवाची साळीण. तिनें पाहिलें कीं थोर घरचा मनुष्य उन्हांत उभा आहे, ओळख ना देख, तरी गूळ आणि पाणी आणोन पुढें ठेविलें. नागशेट बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "बाई, माफी सरली म्हणजे तुम्ही कोठें जाल?"

चांगुणा हंसली. "जायाचं कुटं, दादा? आमचा गाव आता ह्योच."

"अजून पुरतीं पांच वर्षें जाहलीं नाहींत तुम्हांस."

"वर्सं मोजून गाव व्हतो व्हय? आल्या सालीच माजा नातू तापानं गेला. म्हादू. त्येला हितल्याच नदीकाठी ठेवला. जितं आपलं लेकरू मातीत निजलं त्यो गाव सोडून मानूस जाईल कसं?" ऐसें म्हणोन तिनें रहाट थांबविला, खुरपें आणि पाण्याचें लोटकें घेतलें आणि म्हणाली, "तिकडंच निगाले हाय. गवत माजलंय. तुमी बसा सावलीला." परंतु नागशेट बसले नाहींत. उठले आणि तिचे मागोमाग चालूं लागले. कां चालले हें त्यांस सांगतां आलें नसतें.

नदीचे कांठीं करंजाचीं झाडें आहेत, तेथें लहान लेंकरें पुरण्याची जागा आहे, दोन्ही पेठांची एकच. नागशेटांणीं ती जागा आज कित्येक वर्षें पाहिली नव्हती. लाडूबाई संक्रांतीस तिळगूळ घेऊन जात असत, गुडघे गेले तैशा त्याही राहिल्या. चांगुणेनें एका ढिगाऱ्याचें गवत काढिलें, धोंडे नीट लाविले. मग शेजारीं सरकली आणि दुसऱ्या जाग्याचें गवत काढूं लागली. तेथें एक लहान काळा दगड होता, त्यावर दोन चिमुकलीं पाउलें कोरलीं होतीं. तिनें लोटक्यांतलें पाणी घेऊन तीं पाउलें धुतलीं आणि पदरानें पुसिलीं. नागशेट म्हणाले, "हीं पाउलें कोणाचीं?"

"कुनाचं लेकरू हाय ठावं न्हाई, दादा. लई जुनं दिसतंय. कुनी येत न्हाई. पर माज्या म्हादूच्या संगतीला हाय न्हवं? येकला पडला असता त्यो. म्हनून ह्येचंबी करते."

नागशेट खालीं बसले. थोर शेटे, ज्यांचे अंगरख्यास सुरकुती पडत नसे, ते मातीवर बसले आणि त्या पाउलांवर हात ठेविला आणि म्हणाले, "माझी आहे. चिमा नांव तिचें." चांगुणा खुरपें बाजूस ठेवोन त्यांचेजवळ बसली आणि म्हणाली, "मंग आपुन शेजारी झालो की."

घरीं येऊन नागशेटांणीं लाडूबाईंस सांगितलें, "सकाळीं गाडी जुंपितों. चिमेकडे जाऊन येऊं." लाडूबाईंणीं त्यांचेकडे पाहिलें आणि पुसिलें, "जेवण अर्धें राहिलें होतें. वाढूं काय?" तो सभेनंतरचा पहिला गोड शब्द. दुसरे दिवशीं दोघें जाऊन आलीं, आणि येतां येतां लाडूबाई चांगुणेचे ओट्यावर उतरल्या, आणि ज्या बसल्या त्या दिवस माथ्यावर येईपर्यंत उठल्या नाहींत.

मग नागशेट विसाजीपंतांचे कचेरींत गेले. विसाजीपंत उभे राहोन म्हणाले, "शेटे, बांधण्यापूर्वींच आपण माझी शाळा पाडिलीत. आतां काय पाडावयाचें राहिलें?" नागशेट म्हणाले, "राग रास्त आहे. बसा. तुमचा बेत शहाणा आहे परंतु पट्टी वेडी आहे. शाळा शंभर वर्षें उभी राहाणार आणि तिचें ओझें तुम्ही एका सालच्या माणसांचे डोक्यावर ठेवितां. माणूस वाईट नाहीं, मान मोडते म्हणोन तो नाहीं म्हणतो. सावकारांकडोन रोखे लिहोन कर्ज उचला, हलकें व्याज धरा, आणि वीस वर्षांत फेडा. म्हणजे घरटीं पट्टी इतकी हलकी होईल कीं सणाचे तुपांत भागेल. आणि नवी पेठ माफींतून निघाली कीं तीही भरील, आणि पुढें जे येतील तेही भरितील. ज्यांचीं पोरें शिकतील त्या सर्वांचे खांदे लागोत." विसाजीपंत म्हणाले, "हें मलाही सुचलें होतें. परंतु सावकार इतक्या लांबणीचा रोखा घेईल कोण?" नागशेट म्हणाले, "पहिला मी घेतों. मी घेतला कीं बाकीचे लाजेनें घेतील. धर्मानें घेतील त्याहून लाजेनें लवकर घेतील." तेव्हां विसाजीपंत हंसले आणि दोघांणीं मिळोन बेत पुन्हा आंखिला. चांगुणेनें आपले पेठेंत गोष्ट घातली, तेव्हां नव्या पेठेच्या लोकांणीं निरोप पाठविला कीं, आमचे हातीं सुपारी नाहीं परंतु हात आहेत; आठवड्यास घरटीं एक माणूस एक दिवस कामास येईल, मजुरी मागणार नाहीं.

आश्विनमासीं दुसरी सभा भरली. हा कौल गेला तर एक तप शाळा नाहीं, आज जें पोर रांगतें तें तोंवर मागावर बसेल, हें सर्वांस ठाउकें होतें. नव्या पेठेचे लोक चौकाबाहेर उभे राहिले, बायका पोरें कडेवर घेऊन उभ्या. नागशेट उठले आणि बेत समजाविला. लोक ऐकत होते, परंतु गुरगुर होती. येसाजी तांबट म्हणोन तोंडाचा फटकळ परंतु मनाचा सरळ मनुष्य, तो उठोन म्हणाला, "शेटे, गेल्या खेपेस आपणच म्हणालां कीं हीं पांखरें आहेत. आम्ही आपल्या शब्दावर सुपारी फोडली. आतां आपला शब्द फिरला. आम्ही कोणता शब्द धरावा?" नागशेटांणीं पागोटें काढोन हातीं घेतलें. शेट्यांचें उघडें मस्तक पेठेनें त्यापूर्वीं पाहिलें नव्हतें.

"येसाजी, तेव्हां मीं पाहिल्यावांचोन बोललों. आतां पाहोन आलों. त्यांचीं लेंकरें आपल्या लेंकरांशेजारीं करंजाखालीं निजलीं आहेत. माझे घरीं पाळणा नाहीं म्हणालों, तेंही खोटें. माझी चिमा तेथें आहे, आणि तिजवरलें गवत आज चार वर्षें वेशीबाहेरची एक साळीण काढिते. तिनें पुसिलें नाहीं कीं पोर कोणाचें, कर कोण भरितो. जीं गेलीं त्यांचें ती इतकें करिते, मग जीं आहेत त्यांचें आपण कांहींच करूं नये काय? माझें म्हणणें इतकेंच. सुपारी ज्याची त्याचे हातीं."

ऐसें म्हणोन त्यांणीं आपले घरची सुपारी काढिली आणि लाडूबाईंकडे दिली. घरचे कर्त्यानेंच टाकावी ऐसी रीत होती. लाडूबाई काठी टेकीत टेकीत हंड्यापाशीं गेल्या आणि सुपारी टाकिली. ती अखंड सुपारी रित्या हंड्यांत वाजली तो आवाज चौकाबाहेरच्या बायकांसही ऐकूं गेला. मग एक एक उठों लागला. येसाजी तांबट आडकित्ता हातीं घेऊन बसला होता. त्यानें सुपारीकडे पाहिलें, आडकित्त्याकडे पाहिलें, आणि आडकित्ता शेजाऱ्याचे मांडीवर ठेवोन उठला. हंडा उपडा केला तों प्रथम खांडेंच बहुत दिसलीं, कारण फुटकें पसरतें फार, आणि चौकाबाहेर कोणी हुंदका दिला. परंतु दिवाणांणीं निवडून ढीग घातले, तेव्हां अखंडाचा ढीग उंच निघाला. फार उंच नाहीं, परंतु निघाला. बाईसाहेबांणीं चिकाचे पडद्याआडोन इतकेंच म्हटलें, "उद्यां कुदळ मारा."

मग काम चाललें. टेकाडाची माती काळी निघाली, उन्हाळ्यांत भेगाळे आणि पावसाळ्यांत फुगे, म्हणोन पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा लागला. नव्या पेठेचे लोक बोलल्याप्रमाणें आले. जुन्या पेठेच्या गाड्या चुना आणूं लागल्या. प्रथम एक पेठ सावलींत बसोन भाकर खाई तेव्हां दुसरी उन्हांत, पुढें लोणच्याची देवघेव जाहली आणि सावली एक जाहली. भांडण एकदांच जाहलें, तें दाराचें. जुनी पेठ म्हणे दार आमचेकडे, नवी म्हणे आमचेकडे, हातघाईवर आलें. विसाजीपंतांणीं दोन्हीकडे दारें ठेविलीं आणि मध्यें चौक एक केला. पुढें ऐसें जाहलें कीं पोर एका दारानें आंत येई आणि मित्राचा हात धरोन दुसऱ्या दारानें बाहेर जाई, आणि सायंकाळीं आया एकमेकींचे पेठेंत आपलीं पोरें शोधीत फिरत. मुलींचे पाळीस सकाळ मिळाली. गळालेल्या मुली परत आल्या. बाबदेव पंतोजी त्या दिवशीं आनंदानें नवें पागोटें बांधोन आले, आणि पागेकडोन जातांना तें हातानें धरोन आले.

शाळा जाहली त्यावर नागशेट बारा वर्षें जगले. शाळेस त्यांचें नांव द्यावें ऐसें पेठेच्या मनांत आलें, त्यांणीं कानावर हात ठेविले. परंतु रोज सकाळीं पोरें पाढे म्हणत त्या वेळीं ते शाळेचे ओट्यावर येऊन बसत आणि पोरांबरोबर पुटपुटत. एके दिवशीं चांगुणेची धाकटी नात भिवरा बाहेर येऊन कमरेवर हात ठेवोन म्हणाली, "आजोबा, तुमी चुकताया." जन्मभर ज्यांणीं तोंडी हिशेब केले ते नागशेट म्हणाले, "सतरा साते एकोणीसासें. काय चुकलें?" ती म्हणाली, "आकडा बरूबर हाय. चाल चुकतीया." नवी पेठ दुष्काळी मुलखांतून येतांना जात्यांबरोबर पाढ्यांची आपली चाल घेऊन आली होती, ठेक्याची, शेवटीं हेल काढण्याची, आणि शाळेंत तीच रुळली होती. मग नागशेट त्या पोरीपाशीं बसोन ती चाल शिकले. लाडूबाई म्हणत, आतां दुकानांत गूळ तोलतांनाही हेल काढितात.

पुढें पौषमासीं अल्प दुखण्यानें नागशेट कैलासवासी जाहले. गांव लोटला. बाबदेव पंतोजी थकले होते, तरी स्वतां येऊन लाडूबाईंस म्हणाले, "बाई, शेट्यांचे मानास आज शाळा बंद ठेवितों." लाडूबाई भिंतीस टेकोन बसल्या होत्या, चांगुणा त्यांचे शेजारीं. लाडूबाई म्हणाल्या, "बंद नको, पंतोजी. त्यांस नेतील तेव्हां पाढे चालूं ठेवा. मोठ्यानें म्हणावयास सांगा, त्यांस अलीकडे ऐकूं कमी येत असे." त्याप्रमाणें जाहलें. वाट टेकाडावरोन नदीकडे उतरते. अंत्ययात्रा शाळेपाशीं आली तेव्हां दोन्ही दारें उघडीं होतीं आणि पोरें आंत हात जोडोन बसलीं होतीं, आणि भिवरा, जी आतां मोठी जाहली होती आणि लहानांस शिकवीत असे, ती पुढें उभी राहोन चाल धरीत होती. कित्येकांचे आवाज फुटत होते, परंतु कोणी थांबलें नाहीं. विसांचा जाहला, पंचविसांचा जाहला, तिसांचा पाढा सरला, तरी यात्रा अजून नदीच्या वळणीं दिसत होती. पोरांणीं भिवरेकडे पाहिलें. तिनें डोळे पुसिले आणि पुन्हा पहिल्यापासोन धरिला, बे एकें बे.

तात्पर्य, पट्टी वीस वर्षांत फिटली, विसाजीपंतांचा अंदाज खरा ठरला, वाढत्या पोरांस शाळा पुरली, आणि मग तीही भरली. नदीपलीकडे तिसरी पेठ वसली तेव्हां तिचे शाळेच्या कौलास नवी पेठच प्रथम कुरकुरली, मनुष्यस्वभाव तोच. परंतु अखंड सुपारीचा ढीग तेव्हांही उंच निघाला. फार नाहीं, पुरेसा. इति हकीकत.